पणजोबा बसऱ्याला गेले होते...

प्रश्न : माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे (आजच्या इराकमध्ये) गेले, ते परतलेच नाहीत. घरात राजाचं तोंड असलेलं एक चांदीचं पदक आहे. त्यांच्याबद्दल आणखी कुठे शोधू? (एक वाचक, महाड)

उत्तर : आधी पदकाची कड बघा. भिंगातून, उन्हात, आणि कृपा करून चिंच लावून घासू नका, अक्षरं झिजतात. कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. हा नंबर म्हणजे सगळ्यात भक्कम पुरावा.

पलटण १०३, ११० किंवा ११७ मराठा निघाली, तर पणजोबा इराकमधल्या कूत शहराच्या वेढ्यात असण्याची शक्यता मोठी. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या ब्रिटिश-हिंदी फौजेने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. पुढे कैदेत कितीतरी शिपाई दगावले.

मग युद्धात पडलेल्यांच्या कबरींची आणि स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा, पैसे पडत नाहीत. बसरा स्मारकाच्या नोंदीत चाळीस हजारांहून अधिक जण आहेत. आडनावावर विसंबू नका. पुष्कळदा फक्त पाळण्यातलं नाव आणि वडिलांचं नाव असतं, तेही साहेबाच्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. जिल्हा रायगड नव्हे, कुलाबा म्हणून पाहा. नंबर आणि पलटण दोन्ही जुळले की माणूस तुमचाच.

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला पत्र लिहा, सोबत पदकाचा फोटो जोडा. गावात महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे का, तेही विचारा. कोकणात, साताऱ्याकडे अशा पाट्या आहेत. त्यावर गावातून किती गेले, किती पडले एवढंच असतं. आणि घरातल्या सर्वांत थोरल्या आत्याशी याच आठवड्यात बोला.