दातांवरचे पांढरे डाग कशामुळे येतात आणि ते घालवता येतात का?

ताई, तुम्ही लिहिलंय की गाव किनवटकडचं आहे, पक्के दात आले तेव्हापासून समोरच्या दातांवर पांढरे पट्टे आहेत, दोन वेळा ब्रश करूनही जात नाहीत आणि घरचे म्हणतात, "नीट घासत नाहीस." आधी घरच्यांचं हे बोलणं मनातून काढून टाका. दात उगवतानाच जे डाग सोबत आले, ते घासण्यात कमी पडल्यामुळे आलेले नसतात. मी नांदेड जिल्ह्यात दातांचा दवाखाना चालवतो. या भागातली कितीतरी मुलं-मुली बोलताना ओठ मिटून घेतात, हसताना तोंडावर हात धरतात. ज्यात त्यांचा काडीचा दोष नाही त्याची लाज ती बाळगतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुमच्या भागात पहिला संशय बोअरच्या पाण्यावर जातो. 1972च्या दुष्काळानंतर गावोगावी हापसे आले. पुढे आड आटत गेले आणि बोअर खोल खोल जात राहिले. किनवटच्या पट्ट्यात जमिनीखालच्या खडकातलं फ्लोराइड पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर 1.5पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. साधारण आठ वर्षांपर्यंत हिरडीच्या आत पक्क्या दातांचं कवच तयार होत असतं. त्या वयात जास्त फ्लोराइड पोटात गेलं की कवच नीट पिकत नाही, आतून सच्छिद्र राहतं आणि तिथे पांढरं दिसतं. याला फ्लोरोसिस म्हणतात. प्रमाण फारच जास्त असेल तर दात पिवळे-तपकिरी होतात, कवचाला खड्डे पडतात.

पण प्रत्येक पांढरा डाग फ्लोरोसिसचा नसतो. दिवसाच्या उजेडात आरशासमोर उभ्या राहा, स्वच्छ रुमालाने दात कोरडे करा आणि निरखून बघा. दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारख्याच आडव्या पांढुरक्या रेघा किंवा ढगासारखे पुंजके असतील आणि घरातल्या, शेजारच्या मुलांनाही तसेच असतील, तर पाण्याकडेच बोट जातं. डाग हिरडीला लागून, खडूसारखा निस्तेज असेल तर ती कीड लागण्याची सुरुवात असू शकते. दातांना तारा लावलेल्यांना असे डाग बरेचदा येतात. एकाच दातावर ठळक ठिपका असेल तर लहानपणी दुधाच्या दाताला मार लागला होता का, तो किडून पू झाला होता का, हे आईला विचारा.

हे ओळखणं महत्त्वाचं, कारण उपचार त्यावरच ठरतो. किडीची सुरुवात असेल तर फ्लोराइडची पेस्ट, दवाखान्यात दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप (वार्निश) आणि गोड कमी करणं, एवढ्यावर ती थांबू शकते. इथे बरेच जण गोंधळतात: फ्लोराइडनेच डाग आले, मग पेस्ट बंद करू का? करू नका. तुमचं कवच तयार होऊन गेलंय, आता पेस्टमुळे नवे डाग येणार नाहीत, उलट कीड रोखली जाईल. लहान मुलं पेस्ट गिळतात, म्हणून तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहापर्यंत वाटाण्याएवढीच द्यायची.

फ्लोरोसिसचे डाग वरवरचे असतील तर दवाखान्यात आम्ल मिसळलेल्या भुकटीने वरचा अगदी पातळ थर घासून काढतात. दुसरा उपाय रेझिन इन्फिल्ट्रेशनचा. डागाच्या छिद्रांत पातळ रेझिन (प्लास्टिकसारखा द्रव) मुरवून ते प्रकाशाने घट्ट करतात, दात कोरावा लागत नाही आणि डाग बाजूच्या रंगात बराचसा मिसळून जातो. नुसतं ब्लीचिंग, म्हणजे औषधाने दात उजळणं, केलं तर सुरुवातीला डाग जास्तच पांढरे दिसतात, घाबरू नका. खड्डे पडले असतील तरच कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण) किंवा व्हिनियरचा (दातावर पुढून चिकटवायचा पातळ पापुद्रा) विचार करा. व्हिनियरसाठी बहुतेक वेळा चांगला दात थोडा तासावा लागतो आणि तासलेला भाग परत येत नाही, म्हणून तुमच्या वयात मी ते शेवटी ठेवीन. खर्चाची अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. लिंबू, खायचा सोडा, कोळसा, मिश्री यांतलं काहीही दातांना लावू नका. यांतल्या बहुतेकांनी कवच झिजतं, डाग तसाच राहतो. मिश्रीत तर तंबाखू असते.

घरात लहान भावंडं, भाचरं असतील तर मला तुमच्या डागांपेक्षा त्यांची जास्त काळजी वाटते. त्यांचे दात अजून घडतायत, आणि असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हाडं आणि सांधेही धरतात. ग्रामपंचायतीला सांगून पाण्याचं फ्लोराइड तपासून घ्या, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतही ते तपासतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटल्यामुळे उलट वाढतं. आरओने कमी होतं, पण फिल्टर वेळेवर बदलले तरच. अहवाल येईपर्यंत मुलांच्या पिण्याला आणि स्वयंपाकाला धरणाच्या नळयोजनेचं किंवा नीट साठवलेलं पावसाचं पाणी मिळतंय का ते बघा.