लाइफ कोचचं पॅकेज घेऊ की समुपदेशकाकडे जाऊ?

तुम्ही लिहिलंय की टीम लीड झाल्यापासून काही महिने पहाटे तीनला जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही, सुट्टीच्या दिवशीही कशात मन रमत नाही. एका लाइफ कोचने तीन महिन्यांचं पॅकेज सुचवलंय, ते घेऊ का? मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून माझा कल कुठे असेल ते उघड आहे. तरी तुमच्या बाबतीत मला शंका वाटत नाही: आधी समुपदेशक.

कारण तुमची झोप. उदासपणा किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, की नैराश्य आहे का ते तपासावंच लागतं. फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड, बी १२ आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या. थायरॉइड कमी असेल तरी माणूस असाच मरगळतो, आणि तिथे नुसत्या बोलण्याने काही होणार नाही.

चांगला कोच ध्येय ठरवायला मदत करतो, दर आठवड्याला काही करायला देतो, पाठपुरावा करतो. कालपर्यंतच्या मित्रांना आज काम कसं सांगायचं, वरिष्ठांना नकार कसा द्यायचा, अशा प्रश्नांत त्याचा खरंच उपयोग होतो. पण नैराश्यात अंथरुणातून उठणंच जड जातं. अशा वेळी हातात पाच कामांची यादी आली आणि त्यातलं एकही झालं नाही, की ‘मीच आळशी’ हा समज आणखी घट्ट होतो. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

कोणाकडे गेलात तरी शिक्षण विचारा, संकोच करू नका. आपल्याकडे स्वतःला लाइफ कोच म्हणवून घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनसारख्या संस्था प्रमाणपत्रं देतात, पण ती उपचार करण्याची परवानगी नव्हे. समुपदेशकाने किमान मानसशास्त्रात एमए आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली काम केलेलं असावं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे मानसिक आजारांवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची, नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो क्रमांक मागता येतो. औषधं लागली तर ती समुपदेशक देत नाही, मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे मनाच्या आजारांचे डॉक्टर, देतात. समुपदेशकाने तिकडे पाठवलं तर घाबरू नका.

खर्चाची अडचण असेल तर जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी गाठा. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, दिवसरात्र आणि मोफत. जगण्यात अर्थ नाही असं एकदाही मनात आलं असेल, तर आजच फोन करा आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

त्या कोचला सध्या एकरकमी पैसे देऊ नका. झोप सुधारल्यावरही टीम सांभाळणं अवघड वाटलं, तर त्याच्याकडे जरूर जा, पण पॅकेजआधी एकच सत्र मागा.