टेसिफॉनचे जखमी आणि ब्रायटनचे जखमी

पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या भारतीय सैनिकांना योग्य उपचार मिळत होते का, असे आपण विचारले आहे. माझ्या वाचनातून मला एवढे निश्चित सांगता येईल की, शिपाई कोणत्या आघाडीवर जखमी झाला यावर त्याचे नशीब ठरत असे.

फ्रान्समधील अनेक जखमींना इंग्लंडमध्ये, ब्रायटनच्या राजवाड्यात उभारलेल्या रुग्णालयात ठेवले होते. तेथे हिंदू आणि मुसलमान रुग्णांसाठी स्वयंपाकघरे व पाण्याचे नळही वेगळे होते. सरकारने त्या वॉर्डांची छायाचित्रे हौसेने प्रसिद्ध केली, त्यामुळे आजही तेच चित्र सर्वांच्या डोळ्यांसमोर असते.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मात्र फार वेगळे घडले. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे जी लढाई सुरू झाली, तीत सहाव्या पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी, म्हणजे कोकणातले व देशावरचे आपले शिपाई, लढत होते. चार हजारांहून अधिक सैनिक हताहत झाले. जखमींना नदीपर्यंत नेण्यासाठी रुग्णवाहिका नव्हत्या. सामान वाहणाऱ्या, स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत त्यांना घालण्यात आले. मोडलेली मांडी घेऊन खडबडीत माळरानावरून अशा गाडीतून जाणे म्हणजे काय, याची कल्पनाही करवत नाही. पुढे बसऱ्यापर्यंतचा प्रवास गच्च भरलेल्या बोटींतून झाला. ‘मेजिदिया’ ही बोट बसऱ्याला लागली तेव्हा तिच्या कडांवरून दोरखंड लोंबत असल्याचा भास मेजर कार्टर या डॉक्टरांना झाला. प्रत्यक्षात ती कठड्यालगत दाटीने पडलेल्या, जागचे हलूही न शकणाऱ्या रुग्णांची वाळलेली विष्ठा होती. व्हिस्कीच्या खोक्यांच्या फळ्या काही जणांच्या मोडलेल्या हाडांना आधार म्हणून बांधल्या होत्या. वरिष्ठांनी मात्र व्यवस्था उत्तम झाल्याची तार केली, आणि कार्टर यांनी तक्रार केली तेव्हा त्यांनाच अटकेची धमकी मिळाली.

नदीवरील बोटींची टंचाई आधीपासून माहीत असतानाही फौज पुढे ढकलली गेली, म्हणून या हालांना मी दुर्दैव म्हणणार नाही. १९१७ साली चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश मंत्रिमंडळातील भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी अपंग सैनिकांना हातचे काम शिकवण्यासाठी मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले. पुढे ते खडकीला हलवण्यात आले.