सासूबाईंना पोषणाची (प्रथिनांची) पावडर सुरू करण्याआधी

ताई, डबा आणण्याआधी तीन दिवस सासूबाईंच्या पोटात नक्की काय जातं ते वहीत लिहा: अर्धी पोळी, चार घास वरणभात, असं. ती वही डॉक्टरांना दाखवा. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर पावडर वेगळी लागते, तेव्हा नाशिकच्या औषधबाजारात, गोळे कॉलनीत, स्वस्त मिळतोय म्हणून भलताच डबा उचलू नका.

कालवताना आधी कोमट पाणी घ्या, मग डब्यातल्याच चमच्याने सपाट मोजून पावडर घाला. उकळत्या पाण्यात गुठळ्या होतात, आणि नाकातून नळी असेल तर त्याच तिथे अडकतात. नळीतून देण्याआधी व नंतर साधारण ३० मिली पाणी सोडा. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच हवी, दिल्यावरही तासभर तशीच. आडवं पाजलं तर कालवलेलं श्वासनलिकेतून छातीत जातं, यात अजिबात हयगय नको.

तोंडाने घेत असतील तर दोन जेवणांच्या मध्ये द्या. जेवणाआधी दिलं की ताट तसंच परत येतं. पहिले दोन दिवस निम्मंच द्या, नाहीतर जुलाब होतात. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये कालवून ठेवूच नका, लागेल तेवढंच करा.

नाचणी सत्त्व चांगलंच, पण त्यात प्रथिनं कमी. पावडरीच्या जागी ते चालत नाही.

पिताना ठसका लागला किंवा आवाज घोगरा, ओलसर वाटला तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना फोन करा.