एजंट म्हणतो ईबी-3 च्या ‘अनस्किल्ड’ कोट्यातून दोन वर्षांत अमेरिकेचं ग्रीन कार्ड होतं, 18 लाख मागतोय. खरं असेल का?

तुम्ही लिहिलंय की बी.एस्सी. झालंय, साताऱ्यात नोकरी आहे, आणि मावसभावाच्या ओळखीतला एजंट चिकन प्रोसेसिंगच्या कारखान्यात काम देऊन ग्रीन कार्ड करून देतो म्हणतोय. आधी सरळ सांगते, पैसे देऊ नका. का ते आता जरा सविस्तर, कारण मी स्वतः याच ईबी-3 च्या, म्हणजे नोकरीच्या जोरावर ग्रीन कार्ड मिळायच्या एका प्रकाराच्या, रांगेत 2014 पासून उभी आहे.

एजंट पूर्ण खोटं बोलत नाहीये, तीच गोम आहे. ईबी-3 मध्ये खरंच तीन कप्पे आहेत. स्किल्ड म्हणजे ज्या कामाला किमान दोन वर्षांचा अनुभव किंवा ट्रेनिंग लागतं, प्रोफेशनल म्हणजे ज्याला डिग्री लागतेच, आणि ‘अदर वर्कर्स’, एजंट ज्याला ‘अनस्किल्ड’ म्हणतो तो, म्हणजे दोन वर्षांपेक्षा कमी शिकून जमणारं काम. चिकनचे कारखाने, हॉटेलातलं हाऊसकीपिंग, म्हाताऱ्यांची देखभाल असल्या नोकऱ्यांवर या तिसऱ्या कप्प्यातून लोक खरंच येतात. पण सगळ्या जगासाठी मिळून ईबी-3 ची वर्षाला साधारण 40,000 ग्रीन कार्डं, त्यात अदर वर्कर्सना जास्तीत जास्त 10,000, आणि कुठल्याही एका देशाला ढोबळमानाने 7 टक्के. बायकामुलंही याच आकड्यात मोजतात. आणि देश म्हणजे तुमचा पासपोर्ट नाही हां, तुमचा जन्म जिथे झाला तो.

म्हणजे तुम्ही चिकन कापा नाहीतर सॉफ्टवेअर लिहा, साताऱ्यात जन्मलात की रांग भारताची. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला रांग कुठवर आली ते व्हिसा बुलेटिनमध्ये सांगतं, त्याच्या ऑगस्ट 2025 च्या अंकात भारतासाठी ईबी-3 ची तारीख होती 22 मे 2013, आणि अदर वर्कर्सचीही तीच! म्हणजे ज्यांचा अर्ज 2013 च्या मेमध्ये लागला त्यांचा नंबर आत्ता कुठे येत होता. ते ‘दोन वर्षं’ बहुतेक फक्त पहिल्या पायरीचे, म्हणजे पर्मचे, हल्ली तिथेच तेवढा वेळ जातो.

पर्म म्हणजे कंपनीने अमेरिकेच्या लेबर खात्याला दाखवायचं की या कामाला लायक अमेरिकन माणूस मिळाला नाही. त्यासाठी खरोखरची जाहिरात द्यावी लागते. माझ्या वेळी रविवारच्या पेपरात माझ्याच नोकरीची जाहिरात आली होती, दोन रविवार, मी चहा पीत ती वाचली आणि मनात म्हटलं देवा कोणी अर्ज करू नको रे बाबा. तर मुद्दा असा की या पर्मचा खर्च, जाहिराती आणि कंपनीच्या वकिलाची फी धरून, कंपनीनेच करायचा असतो, कामगाराकडून घेणं 2007 पासून नियमाने बंद आहे. तेव्हा तुमच्या 18 लाखांत ‘पर्मचा खर्च’ असं काही असेल तर तिथेच उठा.

आता तुमच्या बी.एस्सी.बद्दल, कारण इथे माझेही हात पोळलेत. माझी पुणे विद्यापीठाची तीन वर्षांची बी.एस्सी. आणि वर कॉम्प्युटरचा डिप्लोमा. अमेरिकेच्या इमिग्रेशनवाल्यांना प्रोफेशनलसाठी सहसा चार वर्षांची एकसंध डिग्री लागते, तीन अधिक एक अशी बेरीज चालेलच असं नाही, म्हणून वकिलाने मला स्किल्डमध्ये टाकलं, अनुभवावर. मग आली अनुभवाच्या पत्राची भानगड. पुण्यातल्या जुन्या कंपनीच्या एचआरकडून पत्र आलं, त्यात मी ‘मनमिळाऊ आणि कष्टाळू’ असल्याचं छान लिहिलेलं, पण काम काय करत होते, फुल टाइम होते का, याचा पत्ता नाही, वर जॉइनिंगची तारीख दोन दिवसांनी चुकलेली. वकिलाने परत पाठवलं. एचआरने नवीन द्यायला साफ नकार दिला. शेवटी माझे तेव्हाचे मॅनेजर, ते नाशिकला गेले होते, त्यांनी शंभरच्या स्टँपपेपरवर नोटरी करून लिहून दिलं, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, स्वतः कुरियर केलं. आजही दिवाळीला पहिला फोन त्यांना असतो. आणि हो, हा अनुभव पर्म भरायच्या आधीचा लागतो, नंतरचा धरत नाहीत, म्हणून नोकरी सोडताना नीट पत्र हातात घ्याच, अमेरिकेला जा नाहीतर जाऊ नका.

माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, मार्च 2014. आय-140, म्हणजे पर्मनंतर कंपनीने माझ्यासाठी करायचा अर्ज, मंजूर झाला, त्यावर एच-1बी हा तात्पुरता नोकरीचा व्हिसा सहा वर्षांच्या पुढे वाढत राहिला. ऑक्टोबर 2020 मध्ये भारताच्या ईबी-3 ला अर्ज भरायची तारीख एकदम 1 जानेवारी 2015 पर्यंत आली (प्रत्यक्ष कार्ड मिळायची तारीख वेगळी, ती मागेच होती), तेव्हा आम्ही रात्र रात्र जागून आय-485, म्हणजे ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, भरला, आमच्या सगळ्या एडिसनमध्ये (न्यू जर्सीतलं गाव) लसीकरणाची कागदं आणि मेडिकलच्या अपॉइंटमेंटसाठी पळापळ. वर्क परमिट आलं, कार्ड नाही. माझ्याबरोबरच पर्म झालेला बीईवाला सहकारी 2022 मध्ये ईबी-2, म्हणजे जास्त शिकलेल्यांची वेगळी रांग, पुढे सरकल्यावर कार्ड घेऊन मोकळा झाला. तीन वर्षांची डिग्री, दुसरं काय.

नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट असाल तर पर्म लागत नाही, तेवढा वेळ वाचतो, रांग मात्र तीच.

एकच खरी पळवाट मी डोळ्यांनी पाहिली आहे. आमच्या ओळखीत एक डोंबिवलीचा मुलगा आहे, त्याच्या बायकोचा जन्म मस्कतचा, वडील तिकडे नोकरीला होते म्हणून. नियमाप्रमाणे नवऱ्याला बायकोच्या जन्मदेशाच्या रांगेत उभं राहता येतं, तो ओमानच्या नावावर गेला आणि आमच्यानंतर कित्येक वर्षांनी अर्ज भरून आमच्या आधी कार्ड घेऊन बसला. तुम्ही लग्नाचं काही लिहिलं नाहीये. झालं असेल तर बायकोचा जन्म कुठला ते कमेंटमध्ये सांगा, मग पुढचं बोलू.