व्हेन्स, हिदर, दाऊ असले जुने इंग्रजी शब्द लक्षात कसे ठेवायचे?

निपाणीत मराठी माध्यमात शिकलात, आता बी.ए.ला इंग्रजी आहे, आणि जुन्या पुस्तकांतले रोज ५० शब्द पाठ करून आठवड्यात विसरताय असं विचारलंय. ५० सोडा. ९ घ्या, पण एकाच घरातले.

हिअर, हिदर, हेन्स म्हणजे इथे, इकडे, इथून. देअर, दिदर, देन्स म्हणजे तिथे, तिकडे, तिथून. व्हेअर, व्हिदर, व्हेन्स म्हणजे कुठे, कुणीकडे, कुठून. आजच्या बोलण्यातल्या इंग्रजीनं हा भेद टाकला, आपण रोज करतो. कन्नडही येतच असेल, तर इल्लि, इत्त, इल्लिंद शेजारी ठेवून बघा, खाचेत बसतं. 'फ्रॉम व्हेन्स' मात्र लिहू नका. १६११ च्या बायबलात दिसेल, पण 'कुठून'मधलं 'ऊन' त्या शब्दातच आहे.

देअरऑफ, देअरइन, देअरऑन: त्याचे, त्यात, त्यावर. आपल्यासारखंच, शेपूट मागे. वकिलाकडचं एखादं इंग्रजी खरेदीखत मागून वाचा, ढिगानं सापडतील.

दाऊ म्हणजे तू, दी म्हणजे तुला, दाय म्हणजे तुझा. गड्यालाही दाऊ आणि देवालाही दाऊ, जसं आपण विठ्ठलाला 'तू' म्हणतो. क्रियापदात घोळ होतो: दाऊ हॅस्ट, ही हॅथ. 'आय हॅथ' कधीच नाही.

खरा दगा देतात ते ओळखीचे शब्द, कारण त्यांच्यासाठी कुणी डिक्शनरी उघडत नाही. शेक्सपिअरच्या ज्युलिएटचं 'व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ' म्हणजे 'कुठे आहेस' नव्हे, 'तू रोमिओच का?' प्रेझेंटली म्हणजे तेव्हा 'लगेच', वाँट म्हणजे 'उणीव', आणि नाइस तर एकेकाळी 'मूर्ख'. यांची वेगळी वही करा: शब्द, आजचा अर्थ, तेव्हाचा अर्थ आणि जिथे भेटला ते अख्खं वाक्य. वाक्य नसेल तर नोंदच करू नका, ती टिकत नाही. दुसऱ्या, चौथ्या आणि दहाव्या दिवशी अर्थाचे रकाने झाकून, वाक्यावरून अर्थ सांगता येतो का बघा.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) नेटवर फुकट आहे. मराठी शब्द शोधायला नव्हे, इंग्रजीसाठी वापरा. घरातला रोजचा शब्द काढा, समोर एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी येतं. उच्चार तेवढे दुसरीकडे तपासा, नाहीतर 'व्हिटल्स'ला (म्हणजे खाण्याच्या जिनसांना) अक्षरांवरून 'व्हिक्च्युअल्स' म्हणून बसाल.