आर-४ मध्येच मूल्य हवे असेल तर

प्रश्न : मालवणच्या जेटीवर भरती-ओहोटीची पातळी नोंदवणारे उपकरण मी एआरएमच्या कॉर्टेक्स-एम प्रोसेसरवर तयार करीत आहे. त्यातील असेंब्लीत (थेट प्रोसेसरच्या आज्ञांच्या भाषेत) लिहिलेले एक जुने फंक्शन आपली दोन मूल्ये आर-४ आणि आर-५ या रजिस्टरांत (प्रोसेसरमधील मूल्ये ठेवण्याच्या छोट्या जागांत) येतील असे गृहीत धरते. सी भाषेत पॅरामीटरमागे ‘रजिस्टर’ हा शब्द लावूनही ती तेथे पोहोचत नाहीत. काय करावे?
– एक वाचक, मालवण

उत्तर : त्या शब्दाकडून तुम्ही फारच मोठी अपेक्षा ठेवली आहे. मूल्य वारंवार लागणार आहे एवढेच तो कंपायलरला (सीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला) सुचवतो आणि त्या चलाचा पत्ता घेण्यास मनाई करतो. रजिस्टर कोणते, हे तो ठरवत नाही. सी भाषेचे मानक याविषयी मौन बाळगते आणि हा करार प्रत्येक प्रोसेसरच्या एबीआयवर, म्हणजे फंक्शनांनी एकमेकांना मूल्ये कशी द्यावीत याच्या नियमावलीवर, सोपवलेला असतो. एआरएमच्या ३२-बिट करारानुसार पहिली चार मूल्ये आर-० ते आर-३ मध्ये व उरलेली स्टॅकवर, म्हणजे मेमरीतील तात्पुरत्या साठ्यात, जातात. ३२-बिट इंटेल प्रोसेसरसाठी जीसीसी या कंपायलरमध्ये मूल्ये रजिस्टरांतून देण्याची ‘रेगपार्म’ नावाची सवलत आहे खरी, पण ती तुमच्या कामाची नाही.

जीसीसीत स्थानिक चल ठरावीक रजिस्टरला बांधता येतो. मात्र त्याची हमी फक्त इनलाइन असेंब्लीला (सीच्या मध्येच लिहिलेल्या असेंब्लीला) मूल्य देण्यापुरतीच असते, आणि त्या असेंब्लीतून दुसरे फंक्शन बोलावायचे तर बिघडणाऱ्या प्रत्येक रजिस्टरची यादी द्यावी लागते, जी हमखास अपुरी राहते. म्हणून असेंब्लीतच एक छोटे मध्यस्थ फंक्शन लिहावे, हे मला अधिक सुरक्षित वाटते. आर-४ आणि आर-५ जसेच्या तसे परत करणे ही बोलावलेल्या फंक्शनची जबाबदारी असल्याने मध्यस्थाने प्रथम आर-४, आर-५, आर-६ आणि एलआर (परतीचा पत्ता ठेवणारे रजिस्टर) स्टॅकवर ठेवावेत, मग आर-० व आर-१ मधील मूल्ये आर-४ व आर-५ मध्ये हलवून जुने फंक्शन बोलवावे आणि शेवटी ठेवलेले सर्व परत काढावे. आर-६ ची येथे गरज नाही. पण तीनच रजिस्टरे ठेवली तर १२ बाइट होतात, आणि कराराप्रमाणे फंक्शन बोलावताना स्टॅक ८ बाइटांच्या पटीत असावा लागतो.

सीमधील घोषणेत दोन्ही पॅरामीटर ३२-बिटच ठेवा. दुसरा ६४-बिट झाला, तर तो आर-२ व आर-३ च्या जोडीत जातो, आर-१ रिकामे राहते आणि मध्यस्थ तेथून भलतेच काही उचलतो. कंपायलर मात्र अवाक्षरही काढत नाही.